पाठमोरी

आमच्या घरात लाड करायची पद्धत जरा दणकट आहे. आमच्या सासूबाई, बायडाबाई, ज्यांना आम्ही दोघी सुना आत्ती म्हणतो, नातवंडाला जवळ घेतात म्हणजे आधी गालाचा चिमटा, मग पाठीत धपाटा, मग कानशिलावर कडाकडा बोटं मोडून दृष्ट काढायची, आणि हे सगळं अख्ख्या कळंब्याला ऐकू जाईल अशा आवाजात. माझे दोन्ही मुलगे या लाडातून हाडं शाबूत ठेवून बाहेर पडले आणि आता पुण्यात होस्टेलवर आहेत. पण माझ्या धाकट्या जावेला, वर्षाराणीला, मुलगी झाली, अवंतिका, आणि आम्हा सगळ्यांना आपले हात कुठे ठेवायचे तेच कळेनासं झालं.

अवू तान्हेपणीच उचलून घेतली की ताठ व्हायची. केसांवरून हात फिरवला तर किंचाळायची. चालायला लागली तशी माणसांना वळसा घालून जायला शिकली. बोलेना, हाकेला वळेना. डॉक्टरांनी ऑटिझम आहे म्हणून सांगितलं तेव्हा माझा दीर ऋतुराज गोठ्यात म्हशींजवळ जाऊन बसायला लागला, आणि आत्तींनी गल्लीत सांगून टाकलं, "पोरगी लाजरी हाय, दुसरं काय न्हाय."

वर्षाला डॉक्टरांच्या त्या शब्दाचं फारसं काही वाटलं नाही. तिला वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. ती मला म्हणायची, "अक्का, बोलली न्हाय तर न्हाय बोलंना. शाळंत न्हाय गेली तरी चालंल. पर एकदा आपणहून माझ्याजवळ येऊंदे. पोटची पोरगी माझ्या, आनि मला तिच्या अंगाचा वास म्हाईत न्हाय." मी शाळेत शिक्षिका आहे, बोलायला मला कधी कमी पडत नाही. पण यावर मी नुसता तिच्या कपात आणखी चहा ओतायचे.

मग कोल्हापुरात राजारामपुरीतल्या अनुजा मॅडमचा पत्ता कुणीतरी दिला. एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर त्यांचं सेंटर. आत गाद्या, झोपाळे, माणसाच्या कमरेएवढे रबरी चेंडू. ऋतुराज पहिल्या दिवशी तोंड पाडून परत आला. "वहिनी, औषधाची एक बाटली न्हाय तिथं. पोरं लोळत्यात, मॅडमबी लोळत्यात. त्याला दवाखाना म्हणायचं व्हय?"

मॅडम खरंच लोळायच्या. मी स्वतः पाहिलं. अवू हात फडफडवायची, की त्याही समोर बसून तसेच हात फडफडवायच्या. ती जमिनीवर आडवी झाली की त्याही आडव्या. कितीतरी आठवडे हेच. अवू त्यांच्याकडे बघत नसे, पण हळूहळू त्या थांबल्या की तीही थांबून वाट बघायला लागली. मग मॅडमनी आम्हाला घरून एक जाड वाकळ, चांगली जड गोधडी, आणायला सांगितली. अवूला तिच्यात गुंडाळायचं आणि वरून मोठा चेंडू दाबत दाबत फिरवायचा, चपाती लाटतात तसा. मला वाटलं, पोरगी आता घर डोक्यावर घेणार. तर वाकळेतून आवाज आला तो हसण्याचा. वर्षानं माझा दंड इतका आवळला की वळ उठला.

"तिला आपलं अंग कुठे सुरू होतं नि कुठे संपतं, ते नीट कळत नाही," मॅडम म्हणाल्या. "हलका हात लागला की तिला टोचतो. पण भक्कम दाब मिळाला की तिचं अंग जाग्यावर येतं. तुम्हीपण शिका. फक्त एक लक्षात ठेवा. ती सुटायला बघायला लागली, की सोडायचं. त्याच क्षणी. कारण काहीही असू दे. दाब किती हवा ते ती ठरवणार, आपण नाही."

वर्षानं ते वाक्य देवाच्या मंत्रासारखं पाठ केलं. सराव कुणावर करायचा, तर माझ्यावर. संध्याकाळी मी शाळेतून आले की ती मला खाली बसवायची आणि मागून खांदे दाबायची. "असं बरं वाटतंय? जास्त झालं? सोडू?" माझी जुनी मानदुखी त्यात निघून गेली. मी तिला म्हटलं, "अवूचं काय व्हायचं ते होऊ दे, तू माझं सेंटर चालू ठेव."

आणि मग ती दुपार आली. वर्षा स्वयंपाकघरात भिंतीला टेकून मेथी निवडत बसली होती. अवू दारात आली, उभी राहिली, वळली, आणि पाठमोरी एकेक पाऊल मागं टाकत येऊन धपकन आईच्या मांडीत बसली. तोंड गॅसपाशी उभ्या माझ्याकडे, पाठ आईच्या पोटाला घट्ट रुतवलेली. वर्षाच्या हातांना मेथीची माती होती. तिनं पंजे उघडे ठेवून नुसत्या कोपरांनी पोरीला दोन्ही बाजूंनी दाबून धरलं आणि माझ्याकडे बघितलं. गॅसवर चहा उतू गेला, तो मी जाऊ दिला. अवू उठून गेल्यावर वर्षा त्या मेथीत तोंड खुपसून रडली. भाजी खारट झाली असं रात्री ऋतुराज चेष्टेनं म्हणाला, आणि मग तोही रडला.

त्यानंतर अवू रोज यायला लागली. नेहमी पाठमोरी, नेहमी फक्त आईकडे. समोरून कधीच नाही. मॅडम म्हणाल्या तिची मिठी अशीच असेल, हीच मिठी समजा. आम्ही समजलो. कुणी सांगितलंय मिठी समोरूनच असते म्हणून?

आता आत्तींचा नवस. पोरगी आईच्या मांडीत बसली की तिला घेऊन जोतिबाला येईन, गुलाल-खोबरं उधळीन, असं त्या डोंगराकडे तोंड करून कधीच बोलून बसल्या होत्या. आमच्याकडे देवाला दिलेला शब्द माणसाला दिलेल्या शब्दापेक्षा पक्का. मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, गर्दी नको, आवाज नको, आणि तिच्या अंगावर गुलाल तर अजिबात नको. आत्तींनी ते सगळं मान्य केलं. रविवार देवाचा वार, गर्दीचा, म्हणून मंगळवार ठरवला, यात्रेचे दिवस टाळले, गुलाल देवापुढे चिमूटभर वाहायचा असं ठरलं. मला आत्तींचं कौतुक वाटलं. एवढं पडतं त्यांनी आयुष्यात कुणापुढं घेतलं नव्हतं.

फक्त एक झालं. आनंद पोटात मावेना म्हणून त्यांनी मलकापूरला आपल्या भावाला, हंबीरमामांना, फोन करून वारासकट सांगितलं. येऊ नका असं सांगायचं राहिलं. आणि आमच्या नात्यात येऊ नका असं सांगितलं नाही, की त्याचा अर्थ सगळे या असाच होतो.

जोतिबाला गाडी वर थांबते आणि देवळात उतरायला दोन्ही बाजूंना दुकानं असलेल्या दगडी पायऱ्या आहेत. आत्तींचे गुडघे गेलेले, म्हणून त्या वरच एका नारळवाल्याच्या दुकानात बसल्या. "तुम्ही जाऊन या. म्या हितनंच हात जोडतो." पायऱ्यांवर गुलाल आणि नारळाच्या पाण्याचा चिखल झाला होता, म्हणून वर्षानं अवूला कडेवर घेतलं. आणि अवू कडेवर गेली. नुसती गेली नाही, उतरताना घसरल्यासारखं झालं तेव्हा तिनं आईच्या खांद्यावर तोंड टेकलं. समोरून. वर्षा थबकली. तोंडातल्या तोंडात मला म्हणाली, "अक्का, बघितलासा?" तिचा चेहरा मी विसरणार नाही. कुणाचं भाग्य असं उजळलेलं मी याआधी पाहिलं नव्हतं.

खालून हलगी वाजली. "जोतिबाच्या नावानं चांगभलं!"

हंबीरमामा देवळाच्या दारातून पायऱ्या चढून आमच्याच दिशेनं येत होते. दोन जीप भरून माणसं आणली होती त्यांनी, हलगीवाला धरून. पोरीसाठी जरीचा फ्रॉक आणला होता. लेकीसारख्या भाचेसुनेचं दुःख सरलं म्हणून त्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हे मी मुद्दाम सांगते, कारण त्यांना शिव्या देणं फार सोपं आहे आणि मी त्या भरपूर दिलेल्या आहेत. ऋतुराज ओरडला, "मामा, थांबा!" पण हलगीपुढं काय ऐकू येणार? मामांनी दोन्ही ओंजळी भरून गुलाल वर्षाच्या डोक्यावर उधळला. त्यांच्या मागच्यांनीही उधळला. खोबऱ्याचे तुकडे अंगावर आपटले. क्षणभर मला समोरचा हातसुद्धा दिसेना.

अवू किंचाळली नाही. तिनं श्वास घेतला असेल आणि गुलाल आत गेला असेल. ती सगळ्या अंगानं मागं रेटायला लागली, आईच्या छातीला हात लावून सुटायला बघायला लागली.

आणि वर्षानं तिला सोडलं नाही. कशी सोडणार? पायाखाली चिखलानं गुळगुळीत झालेल्या पायऱ्या, पुढं नाचणारी माणसं. तिनं आणखी घट्ट आवळलं. पोरगी जितकी सुटायला बघे तितकी ती आवळत गेली. अवूनं तिच्या खांद्याला चावा घेतला, तरी तिनं सोडलं नाही. परत पायऱ्या चढून वरच्या सपाट जागेवर आल्यावर तिनं हात उघडले. खांद्यावर ब्लाउज फाटला होता. अवू तिच्यापासून पळाली ती एका दुकानाच्या फळीखाली जाऊन बसली, डोळे, दात, कान सगळं गुलाबी.

"आरं, माझं काय चुकलं?" हंबीरमामा रिकामी ओंजळ तशीच धरून सगळ्यांना विचारत होते. ऋतुराज त्यांच्या अंगावर धावून गेला. मी त्यांना जे बोलले ते शाळेतल्या बाईनं बोलू नये असं होतं. त्या वेळी देवळात आरती चालू होती.

गुलाल साबणानं लवकर निघत नाही. अवूला पाणी लागलं की ती भिंतीला डोकं आपटायची, म्हणून तो आपोआप जाईपर्यंत तसाच राहू दिला. कानाच्या पाळीमागची गुलाबी रेघ सगळ्यात शेवटी गेली. पण ती गेल्यावरही अवू आईकडे आली नाही.

बाकी सगळं हळूहळू परत आलं. मॅडमच्या वाकळेत जायला लागली. ऋतुराजनं झोपाळ्यावर ढकललेलं चालू लागलं. वर्षा खोलीत आली की मात्र ती उठून दुसऱ्या खोलीत जायची. ताट वर्षानं ठेवलं तर हात मागं घेईपर्यंत थांबायची, मग जेवायची. वर्षा स्वयंपाकघरातल्या त्या भिंतीला टेकून मुद्दाम तासन्‌तास बसायची. मेथी निवडून संपायची, शेंगा फोडून संपायच्या.

मॅडमसमोर मी भांडायच्या तयारीनंच गेले होते. वर्षाचा यात काय दोष, असं विचारायला. पण त्यांनीच आधी सांगितलं, "वर्षाताई, तुम्ही सोडलं असतं तर ती पायऱ्यांवरून खाली गेली असती. तुम्ही बरोबर केलंत. पण तिच्या अंगाला ते कारण माहीत नाही. तिच्या अंगाला एवढंच माहीत आहे की नाकातोंडात गुलाल जात होता आणि सोडत नव्हते ते तुमचे हात होते."

"मग तिला समजवायचं कसं?" वर्षानं विचारलं.

"शब्दांनी नाही समजवता येणार. हात पुढे करायचा नाही, मागे लागायचं नाही, तिला दिसत राहायचं. येईल. किंवा..." मॅडम थांबल्या. त्या खोटं बोलल्या नाहीत, म्हणून मला त्यांचा रागही आला आणि आदरही वाटला.

आत्तींनी भावाशी बोलणं टाकलं. मामांचा फोन आला की त्या फोन पालथा घालून ठेवायच्या. धपाटे, चिमटे, आरडाओरड सगळं थांबलं. घराच्या पुढच्या सोप्यात कोपऱ्यातल्या भिंतीला टेकून, पाय पसरून, मिश्री लावत गप्प बसायच्या. अशाच बसलेल्या असताना एके सकाळी अवू उंबऱ्यातून आत आली, वळली, आणि पाठमोरी त्यांच्याकडे निघाली.

आत्तींचं बोट तोंडातच राहिलं. अवू येऊन त्यांच्या मांडीत बसली. त्या दिवशी आत्ती वर दुकानात बसल्या होत्या. तिच्या लेखी त्या तिथं नव्हत्याच. जिनं नवस बोलला, तिच्यावर पोरीच्या अंगाचा काही राग नव्हता.

आत्ती घाबरून आमच्याकडे बघायला लागल्या. वर्षा स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती, अवूला दिसणार नाही अशी. तिथनंच ती अगदी हळू बोलली, "आत्ती, दोन्ही हात खांद्यावर ठेवा. थापटू नका, तिला थापटल्यालं आवडत न्हाय. नुसतं दाबा. अजून जरा. आता तसंच ऱ्हावा." आत्तींच्या डोळ्यांतलं पाणी मिश्रीत मिसळून हनुवटीवर आलं, पण हात हलले नाहीत. "लागलीच सोडा, उठाय लागली की," वर्षा म्हणाली. मी मागच्या अंगणात निघून गेले. मला ते ऐकवेना.

असे कितीतरी आठवडे गेले. अवू रोज सोप्यात जायची. वर्षा रोज दाराआडून सांगायची, मग सांगायची गरज राहिली नाही तशी नुसती उभी राहायची. आत्तींना ते सहन होईना. एक दिवस त्यांनी आम्हा दोघींना आत बोलावलं आणि आपलं रोजचं हिरवं इरकली लुगडं पुढं ठेवलं.

"हे घे. माझ्या जाग्याला बस. ती काय मागं वळून बघत न्हाय, खालचं लुगडं बघती आनि येती. मिश्रीचा वास हाय त्याला. पोरीला काय कळणार न्हाय."

"आत्ती, कायतरीच," वर्षा म्हणाली.

"कायतरीच काय? आई हाईस तू तिची. दोन घटका जवळ बसंल की पोरगी."

मला विचाराल तर मला ते शंभर टक्के पटलं. मीच ते लुगडं उलगडलं. वर्षा नको नको म्हणत होती, पण तिचे हात त्या कापडावरून निघत नव्हते. शेवटी तिनं ते नेसलं, आम्ही दोघींनी निऱ्या सारख्या केल्या. आत्तींनी स्वतःच्या बोटानं तिच्या मनगटांना मिश्री चोळली. ती सोप्यात जाऊन कोपऱ्यात बसली, पाय पसरले, पदर पुढं ओढून घेतला. आम्ही दोघी दाराआड.

अवू अंगणातून आली. उंबऱ्यात थांबली, खाली हिरव्याकडे बघितलं, वळली. एकेक पाऊल मागं. ती वर्षाच्या मांडीत टेकली आणि नेहमीसारखी पाठ रेटून रुतून बसली. वर्षाचे डोळे मिटले. तिनं मान थोडी पुढं केली आणि पोरीच्या केसांचा वास घेतला. तिचे हात उचलले गेले, अवूच्या खांद्यांपर्यंत आले, आणि तिथंच हवेत थांबले.

दाब, मी मनातल्या मनात म्हणत होते. दाब की गं.

"अवू," वर्षा म्हणाली, "आई हाय गं मी."

अवूचं अंग ताठ झालं. वर्षानं दोन्ही हात बाजूला नेऊन उघडे धरले. अवू उठली, मागं न बघता चालत दाराशी आली, आणि वळून आत्तींच्या पायांना पाठ लावून उभी राहिली.

मला वर्षाचा इतका राग आला की मी दारातच ओरडले. अजूनही येतो कधीकधी. "गप बसली असतीस तर काय बिघडलं असतं? काय गरज होती सांगायची?"

वर्षा उठली. पदर खाली पडला होता तो सावरायचंही तिला भान नव्हतं.

"कधी ना कधी कळलंच असतं की तिला, अक्का. मग आत्तींच्या जवळबी गेली नसती. मग कुणाकडं जायाचं तिनं?"

आत्तींचे दोन्ही हात अवूच्या खांद्यांवर होते.

वर्षानं आत जाऊन लुगडं सोडलं आणि बोळा करून बाहेर घेऊन आली. आत्तींनी ते घ्यायला हात पुढं केला, तर तिनं मागं घेतलं. "आज हे नेसू नगासा," ती म्हणाली. "माझा वास लागला असंल. धुऊन देते." आणि ते भिजवायला न्हाणीत गेली.